स्मरणरंजन आणि रिकामी पेटी

जुनी छायाचित्रे, पत्रे, रेल्वेची तिकिटे, किल्ल्या, लेसचे तुकडे, वहीत वाळलेली फुले, आजीची फणी, आजोबांचा चष्मा अशा वस्तू एकत्र मांडून, चिकटवून, रंगवून त्यांतून चित्र तयार करण्याची रीत युरोप-अमेरिकेत जुनी आहे. आता ती आपल्याकडेही आली आहे. संगणकाने तर ती फारच सोपी करून टाकली. वस्तू स्कॅन करायच्या, एका थरावर दुसरा थर ठेवायचा, कडा जळल्यासारख्या दाखवायच्या आणि सगळ्यावर चहाच्या पाण्याचा रंग चढवायचा, की तासाभरात शंभर वर्षांचे जुनेपण तयार होते. या कलेच्या मुळाशी जी भावना असते तिला मराठी समीक्षेत स्मरणरंजन म्हणतात. शब्द चांगला आहे. आपल्यात रंजन आहे हे तो लपवत नाही.

हे रंजन कुणाचे, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्याच्या घरात पेटी आहे, पेटीत जुने काही आहे, आणि जे आहे ते पाहून ज्याला बरे वाटते, त्याचे हे रंजन. कलेच्या या प्रकाराबद्दल जे लिहिले जाते त्यात या तिन्ही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. जणू प्रत्येक माणसाला आजोळ असते, आजोळी माळा असतो आणि माळ्यावर ट्रंक असते.

या प्रश्नाकडे मी पुस्तकांतून आलो नाही. मी शिकवतो त्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या वेळी 'आजोळची पेटी' या नावाने एक प्रदर्शन भरवले होते. विद्यार्थ्यांनी घरातले पन्नास वर्षांपूर्वीचे छायाचित्र आणि एखादी जपून ठेवलेली वस्तू आणावी, संगणकावर त्यांचे चित्र करावे, अशी कल्पना होती. चित्रे आली. तांब्याचे बंब, वाड्यांचे दरवाजे, तबकड्या वाजवणारे कर्ण्याचे यंत्र, नऊवारीतल्या पणज्या. आमच्या वस्तीतून येणाऱ्या, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने मात्र पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणला होता. छायाचित्र नव्हतेच. तिने तो दाखला मोठा केला, त्यावर 'सत्यप्रत'चे वेगवेगळ्या कचेऱ्यांतले निळे-जांभळे शिक्के थरावर थर लावून छापले, आणि त्या सगळ्यातून जातीचा रकाना तेवढा स्वच्छ दिसेल असा उघडा ठेवला. निवड समितीने चित्र परत केले. काम चांगले आहे, पण विषयाला धरून नाही, यात आठवणींचा गोडवा नाही, असा अभिप्राय होता. त्या समितीत मीही होतो. मी नापसंती बोलून दाखवली, पण जोर लावला नाही. कारण त्या वेळी नेमके काय म्हणायचे ते मला सापडले नव्हते. पुढील विवेचन हे त्या दिवशी न बोललेले आहे असे समजायला हरकत नाही.

तो कागद त्या घरात का होता, हे आधी पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या माणसाला जात-पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातला उतारा, गाव नमुना चौदामधली जन्माची नोंद, असे काहीतरी. म्हणून आमच्या घरांत पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीची जर काही वस्तू असेल तर ती ही. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात, डबा पावसाचे पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी. नवीन पिढीत कुणी दहावी झाला की ती पिशवी खाली येते. लॅमिनेशन करून घेतले म्हणून घरातल्या पोराला बोलणी बसलेली मी ऐकली आहेत, कारण मूळ कागद हाताला लागला पाहिजे. एवढ्या जिव्हाळ्याने आम्ही जपतो ते काय, तर आमचे अस्पृश्यत्व सिद्ध करणारा कागद. ज्या पणजोबाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, किंवा त्यानंतरच्या एखाद्या गावसभेत, ते नाव टाकून धम्म घेतला, त्याची एकुलती एक खूण म्हणून आमच्याकडे राहिले ते नेमके टाकलेले नाव. आमच्या पेटीत हे आहे. यात गोडवा कुठून येणार?

आणि बाकीची पेटी रिकामी का आहे? दारिद्र्यामुळे, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. आमच्या लोकांनी पेटी स्वतःच्या हाताने रिकामी केली आहे. धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातले टाक गावोगाव नदीत आणि विहिरीत गेले. वेसकराची घुंगुरकाठी कुणी उंबऱ्यात ठेवली नाही. मेलेले ढोर ओढायचा दोर कुणी खुंटीला टांगला नाही. १९५८ च्या कायद्याने महारवतने संपली तेव्हा वतनाबरोबर आलेल्या वस्तूंनाही घरात जागा उरली नाही. एखाद्या स्मरणरंजनवादी चित्रकाराला ही काठी आज मिळाली तर तो तिच्यावर किती प्रेमाने उजेड पाडील याची मी कल्पना करू शकतो. महामार्गावरच्या हॉटेलांत नाही का जाते दर्शनी ठेवतात, बैलगाडीचे चाक भिंतीला टेकवतात? त्या जात्यावर दुसऱ्याचे दळण दळून जिच्या हाताला घट्टे पडले ती बाई त्या हॉटेलात जेवायला आली तर तिला ते सजावटीचे वाटेल का, हा प्रश्न सजावटकाराला पडत नाही. आपल्याकडची आत्मकथने आठवणींचीच होती. प्र. ई. सोनकांबळे यांच्या पुस्तकाच्या तर नावातच आठवणी आहेत. पण 'बलुतं' (१९७८) असो, 'आठवणींचे पक्षी' (१९७९) असो की 'जिणं आमुचं' असो, त्यांत स्मरण आहे आणि रंजन नाही. मराठी वाचकाला त्या काळी धक्का बसला त्याचे एक कारण हेच होते. जुने दिवस आठवणे म्हणजे हळवे होणे, अशी त्याला सवय होती.

जुन्या छायाचित्रांचे तुकडे जोडून नवे चित्र करण्याचे तंत्र मात्र आमच्यावर फार पूर्वीच वापरून झाले आहे. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबई बेटावरच्या जातीजमातींचे छायाचित्रसंग्रह १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्याने माणसे एके ठिकाणी उभी करून टिपली, त्यांच्या आकृती कापून घेतल्या आणि दुसऱ्याच एखाद्या देखाव्यावर बसवल्या. कुणी देवळापुढे, कुणी झाडाखाली. माणूस खरा, जागा खरी, पण माणसाचे त्या जागी असणे खोटे. आज संगणकावर जे करतात तेच काम त्याने कात्रीने केले. त्यानंतर सरकारी खर्चाने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत माणसाखाली बहुधा त्याचे नाव नसते, त्याच्या जातीचे असते. छायाचित्राच्या बाबतीत आमचा आरंभ हा असा आहे. आल्बमच्या आधी नमुन्यांचा तक्ता.

म्हणून या कलाप्रकाराकडे पाहताना मला अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांकडे जावेसे वाटते. हा रस्ता आपल्याला नवा नाही. म. ना. वानखेडे तिकडे शिकून आले आणि त्यांनी काळ्यांचे साहित्य आपल्यापुढे ठेवले. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. पण आपण तिकडची कविता वाचली, कादंबरी वाचली, चळवळ वाचली, तिकडची चित्रे फारशी पाहिली नाहीत. चित्र पाहायला प्रदर्शनगृहात जावे लागते, आणि प्रदर्शनगृहाच्या पायऱ्या आपल्याला परक्या वाटतात हे त्याचे साधे कारण असावे.

बेटी सार यांचा जन्म १९२६ साली लॉस एंजेलिसचा. लहानपणी त्या वॉट्स या वस्तीत आजीकडे जात, तेव्हा तिथे सायमन रोडिया नावाचा एक इटालियन मजूर फुटक्या बश्या, बाटल्यांच्या काचा, शिंपले आणि फरशांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून उंच मनोरे उभारत होता. १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षे तो माणूस एकटा हे काम करत राहिला. भंगारातून काहीतरी उभे राहू शकते हा धडा त्यांनी तिथे घेतला. पुढे १९६७ साली पॅसाडीनाच्या संग्रहालयात जोसेफ कॉर्नेलच्या लाकडी पेट्या त्यांनी पाहिल्या. कॉर्नेल हा या साऱ्या स्मरणरंजनी कलेचा मूळपुरुषच म्हणावा लागेल: काचेआड मांडलेले जुने नकाशे, नर्तिकांची छायाचित्रे, काचेचे प्याले, गोट्या. पाहताना एखाद्या शांत, एकट्या मुलाच्या खोलीत शिरल्यासारखे वाटते. सार यांनी पेटी त्याच्याकडून घेतली. आत काय ठेवायचे ते मात्र १९६८ ने ठरवले. त्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, आणि त्यानंतर काळ्यांची विटंबना करणाऱ्या जुन्या वस्तू त्या जुन्या बाजारातून गोळा करू लागल्या. डब्यांवरची लेबले, पोस्टकार्डे, खेळणी, बाहुल्या. आपल्याकडचा सुजाण माणूस जे पाहून मान फिरवील ते त्या विकत घेऊन घरी आणत होत्या.

१९७२ साली बर्कले येथील रेनबो साइन या काळ्यांच्या सांस्कृतिक केंद्रात काळ्या वीरांवर एक प्रदर्शन भरले. बर्कलेच्या शेजारचे गाव ओकलंड, आणि ओकलंड म्हणजे ब्लॅक पँथरचे जन्मगाव. इकडे मुंबईत दलित पँथर निघाली तेही हेच साल. त्या प्रदर्शनासाठी सार यांनी वीर म्हणून निवडली एक स्वयंपाकघरातली बाहुली. तिचे नाव आंट जेमायमा. १८८९ सालापासून त्या नावाचे पॅनकेकचे पीठ अमेरिकेत विकले जात होते. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन या बाईला जेमायमा म्हणून उभे करून कंपनीने जाहिरात केली होती. डोक्याला फडके, जाडजूड अंग, दात दाखवून हसू: गोऱ्या मालकाच्या घरात आयुष्य काढूनही आनंदी असलेली दाई. गुलामगिरी काही इतकी वाईट नव्हती, असे सांगणारे ते हसू होते. गोऱ्या अमेरिकेचे स्मरणरंजन म्हणजे हेच.

सार यांची पेटी जेमतेम फूटभर उंच आहे. मागच्या भिंतीवर जेमायमाच्या हसऱ्या लेबलांची रांगच रांग. पुढे ती बाहुली. मुळात ती स्वयंपाकघरात टिपणाची चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवायचे साधन म्हणून विकली जात होती. तिच्या एका हातात झाडू आहे तो तसाच ठेवला, दुसऱ्या हातात बंदूक दिली. पोटावर चिठ्ठ्यांच्या जागी तशाच आणखी एका दाईचे पोस्टकार्ड लावले, तिच्या कडेवर रडणारे उजळ कातडीचे मूल आहे. त्यापुढे काळी मूठ. पायाशी कापूस.

या पेटीबद्दल जे लिहिले गेले ते बहुतेक बंदुकीबद्दल. मला झाडूबद्दल लिहावेसे वाटते. सार यांनी तो काढून घेतला नाही. चेहराही बदलला नाही. ते ओंगळ हसू तसेच आहे, ओठ तसेच लाल आहेत. आपल्यापैकी एखाद्या उत्साही चित्रकाराने प्रथम तिला देखणी केली असती. पण अपमानाची वस्तू सुंदर केली की अपमान करणाऱ्याची सुटका होते. ती वस्तू जशी होती तशीच राहिली पाहिजे आणि तिचा अर्थ मात्र उलटला पाहिजे, हे अवघड काम या पेटीत झाले आहे. पीठ विकणाऱ्या कंपनीला ते नाव आणि चित्र काढून टाकायला २०२१ साल उजाडावे लागले. पेटीनंतर एकोणपन्नास वर्षे.

यानंतरचे सार यांचे काम आपल्याकडच्या विद्रोही समीक्षेला बहुधा पसंत पडणार नाही. १९७० च्या दशकाच्या मध्याला त्यांच्या आजीच्या पिढीतली हॅटी ही नातलग वारली आणि तिच्या मागे राहिलेल्या वस्तू सार यांच्याकडे आल्या. 'रेकॉर्ड फॉर हॅटी' (१९७५) ही पेटी त्यांतून झाली. पुढे कितीतरी लहान चित्रे जुन्या रुमालांवर, हातमोज्यांवर केलेली आहेत. लेस आहे, फुले आहेत, फिकट छायाचित्रे आहेत. बंदूक नाही. मूठ नाही. इथे त्या स्मरणरंजनाच्या सर्वांत जवळ जातात. विद्रोहातून माघार, असा शिक्का मारून मोकळे होता येईल. मी स्वतः प्रथम तसेच समजलो होतो. पण रुमाल कुणाचा आहे हे पाहिले की वाचन बदलते. ज्या देशात काळ्या बाईच्या हातात नाजूक कापड दिसले तर ते दुसऱ्याच्या घरचे धुण्या-इस्त्रीला आणलेले असेच समजले जायचे, तिथे हा रुमाल हॅटीचा स्वतःचा आहे. तिने तो वापरला, घडी करून ठेवला, त्याला अत्तर लावले असेल. हळवे होण्याचा हक्कही वर्णाने आणि जातीने वाटलेला असतो. तो हक्क घेणे म्हणजे माघार नव्हे. आपल्या वाङ्मयात दलित स्त्री ही वेदना आणि कष्ट यांचीच मूर्ती होऊन बसली आहे. तिच्याही ट्रंकेत एखादी न वापरलेली चोळी होती, हे आपण फार कमी वेळा लिहिले.

तरीही एक आक्षेप मी घेईन. सार यांच्या पुष्कळ चित्रांतली छायाचित्रे नातलगांची नाहीत. ती जुन्या बाजारात विकत घेतलेली, अनोळखी काळ्या माणसांची आहेत. त्यांना लेस आणि फुले लावून त्या एक प्रकारे दत्तक घेतात, आणि आपणही ते पूर्वज आपले म्हणून पाहू लागतो. पण घरातले छायाचित्र भंगारात येते तेव्हा त्याच्या मागे एक घर मोडलेले असते. कुणी देशोधडीला लागले, कुणाचा वारस उरला नाही. आपल्या मुंबईच्या चोरबाजारातही चौकटीसकट चेहरे विकायला असतात. ही मोडतोड लेसखाली झाकली जाते आणि मग ते चित्र, त्याच्या पलीकडच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या शुभेच्छापत्रासारखे दिसू लागते. सगळ्याच चित्रांबद्दल असे म्हणता येणार नाही, काहींबद्दल मात्र म्हणावे लागेल.

त्यांचे सर्वांत थोर काम मला १९९८ मधले वाटते, वयाच्या बहात्तराव्या वर्षाचे. एक जुनी इस्त्रीची फळी. फळीवर 'ब्रुक्स' या गुलामांच्या जहाजाचा आराखडा छापलेला. ब्रिटनमधल्या गुलामगिरीच्या विरोधकांनी १७८८ साली तो प्रसिद्ध केला होता, जहाजाच्या पोटात माणसे काड्यापेटीतल्या काड्यांसारखी कशी भरत ते दाखवणारा. इस्त्रीची फळी आणि जहाज यांचा आकार एकच आहे हे एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही. फळीवर जुनी लोखंडी इस्त्री, आणि ती साखळीने बांधलेली. मागे दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेली पांढरीशुभ्र चादर, तिच्या कोपऱ्यात के-के-के अशी पांढऱ्याच धाग्याने विणलेली अक्षरे. क्लू क्लक्स क्लॅनच्या माणसांचे झगे कुणीतरी धुतलेच असतील ना! कुणी धुतले?  वस्तू जुन्या आहेत, घरगुती आहेत, कुठल्याही स्मरणरंजनी चित्रात शोभतील अशा आहेत. त्यांची जुळणी तेवढी बदलली.

विटंबनेची जुनी चित्रे वापरावीत की नाही, यावर काळ्या कलावंतांत एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. तरुण कलावंत कारा वॉकर हिने गुलामगिरीच्या काळातले वंशद्वेषी आकार आपल्या छायाकृतींत वापरले तेव्हा १९९७ साली तिच्या विरोधात पत्रमोहीम उघडली ती खुद्द बेटी सार यांनीच. वॉकरच्या चित्रांत अपमान उलटत नाही, गोऱ्या प्रेक्षकाला पुन्हा मजाच येते, असे सार यांचे म्हणणे होते. वॉकरच्या बाजूनेही बोलता येते. गोरा प्रेक्षक कशाने खूश होईल याचाच विचार करत राहिले तर काळ्या कलावंताला काहीच काढता येणार नाही. मला हा वाद सुटलेला दिसत नाही. आपल्याकडे तो अजून सुरूही झालेला नाही.

छायाचित्राच्या मालकीचा वाद याहून कठीण आहे. हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांनी काळा वंश निराळ्या मूळचा आहे हे सिद्ध करण्यासाठी १८५० साली दक्षिण कॅरोलिनात गुलामांची छायाचित्रे काढवून घेतली. रेंटी हा बाप आणि डेलिया ही त्याची मुलगी, दोघेही कपडे उतरवून उभे केलेले. १९९५-९६ मध्ये कॅरी मे वीम्स या कलावंत स्त्रीने ती आणि तशी आणखी छायाचित्रे मोठी करून लाल रंगात बुडवली आणि वरच्या काचेवर शब्द कोरले, त्या माणसांना उद्देशून. विद्यापीठाने वापराच्या हक्कावरून दाव्याची धमकी दिली. ज्याची मर्जी कुणी विचारली नाही त्या माणसाच्या चित्रावर हक्क कुणाचा? पुढे २०१९ साली रेंटीची वंशज असल्याचे सांगणाऱ्या एका स्त्रीने विद्यापीठावर खटला भरला आणि २०२५ साली तडजोड होऊन ती छायाचित्रे चार्ल्सटनच्या संग्रहालयाकडे सोपवायचे ठरले. जॉन्सनच्या खंडांतल्या माणसांचे वंशज मुंबईत कुठेतरी असतीलच. त्यांना हे माहीत असण्याचे कारण नाही.

२०२१ साली एका कंपनीने जुन्या छायाचित्रातला चेहरा हलवून दाखवणारे साधन काढले. नाव डीप नॉस्टॅल्जिया. मेलेला माणूस डोळे मिचकावतो, मान वळवतो, किंचित हसतो. लोकांनी आपापल्या आजी-आजोबांना हसताना पाहिले आणि डोळ्यांत पाणी आणले. त्यांच्या भावनेला मी नावे ठेवणार नाही. पण रेंटीच्या छायाचित्राला हे यंत्र लावले तर तोही हसेल. ते हसू आणि जेमायमाचे हसू यांत मला फरक करता येत नाही.

यंत्र नको असे म्हणणारा मी नव्हे. आमच्या वस्त्यांत जयंतीचे जे फलक लागतात ती संगणकावर केलेली संमिश्र चित्रेच आहेत: संसद, चैत्यभूमी, फुले, सावित्रीबाई, भीमा कोरेगावचा स्तंभ आणि मधोमध बाबासाहेब, खाली मंडळाच्या पोरांचे चौकोनी फोटो. कलासमीक्षक त्यांकडे पाहत नाहीत. आमच्यातलेही काही नाक मुरडतात. पण जॉन्सनने आमची माणसे आपल्या मर्जीच्या देखाव्यावर बसवली होती, हे पोरगे स्वतःला आपल्या मर्जीच्या इतिहासात बसवते, एवढा भेद लक्षात घ्यावा. प्रदर्शनगृहांतही काम सुरू झाले आहे. राज्यश्री गुडी यांनी आपल्या कुटुंबाच्या आल्बममधली खाण्यापिण्याच्या प्रसंगांची छायाचित्रे मांडली. भुकेच्या इतिहासातून आलेली माणसे पोटभर, मजेत जेवताना. प्रभाकर कांबळे यांनी मडक्यांची उतरंड उभी केली. जातिव्यवस्थेचे ते रूपक आपण भाषणांत शंभरदा ऐकलेले असते; घरातली मडकी प्रत्यक्ष एकावर एक पाहताना खालच्या मडक्यावरचा भार कळतो.

आता माझ्या आजीचे सांगतो. तिचे एकच छायाचित्र होते, निराधार योजनेच्या अर्जासाठी काढलेले, टपालाच्या तिकिटाएवढे. अर्जाच्या प्रतीवरून ते मोठे करायला दिले तेव्हा अर्ध्या गालावरून कचेरीचा गोल शिक्का गेलेला होता. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने संगणकावर शिक्का पुसला, सुती लुगड्याच्या जागी जरीकाठाची पैठणी नेसवली, मागे धबधबा सोडला. मी चिडलो. सार, वीम्स यांचे सगळे वाचलेले डोक्यात होते. शिक्का हेच खरे, तो पुसायला नको होता, असे मी आत्याला समजावू लागलो. आत्या म्हणाली, "तुला शिक्का पायजे तर तुझ्या कपाटात ठेव. माझ्या आईला जल्मात पैठणी मिळाली नाही, आता मिळाली तर तुझं काय जातंय?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. हॅटीच्या रुमालाबद्दल मी वर जे लिहिले ते आत्याच्या पैठणीला लागू होते की नाही, याचा विचार करतो आहे. फरक इतकाच दिसतो की रुमाल हॅटीचा होता आणि पैठणी आजीची नव्हती. पण हा फरक मी शोधला आहे, आत्याला तो मान्य नाही.

प्रदर्शन संपल्यावर काही दिवसांनी त्या मुलीला मी बोलावले आणि समितीत गप्प राहिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. चित्राबद्दलही बोललो. त्यात जे आहे ते खरे आहे, पण कागद कागदच राहिला आहे, जेमायमाच्या हातात बंदूक आली तसे इथे काही आले नाही, असे मी म्हणालो. मास्तरी सुटत नाही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, पहिल्यांदा मी जातीचा रकाना पुसला होता." संगणकात तशी सोय असते, नको तेवढ्या भागावर बोट फिरवले की आजूबाजूच्या कागदाचा रंग, डाग, सुरकुत्या सगळे आपोआप तिथे भरले जाते. तिने तो शब्द पुसला आणि दाखला इतका जुना, इतका खरा दिसू लागला की तिथे कधी काही लिहिलेले होते असे कुणालाच वाटले नसते. "मग मीच घाबरले," ती म्हणाली. "पणजोबा शाळेत बाहेर बसायचे, ते पण गेलं ना मग त्याच्यात." तिने शब्द परत आणला. चित्राची ती पहिली प्रतही तिने ठेवली आहे. दोन्ही शेजारी शेजारी लावायची असे पुढच्या वेळी तिच्या मनात आहे, आणि मधल्या जागेत काय ठेवायचे ते तिला अजून सुचलेले नाही.